'नज थिअरी' म्हणजे काय? निवडीला दिलेला हलका धक्का विषमतेवर आणि लोकशाहीवर कसा परिणाम करतो?

ऑनलाइन तिकीट काढताना शेवटच्या पानावर विम्याच्या चौकटीत आधीच टिक केलेली असते. नवीन ॲप उघडलं की 'परवानगी द्या' हे बटण मोठं आणि रंगीत असतं, तर 'नको' हा शब्द कोपऱ्यात बारीक, फिकट अक्षरांत लिहिलेला असतो. मोफत चाचणी एका क्लिकवर सुरू होते, पण तीच बंद करायची म्हटलं की सेटिंगच्या कुठल्या पानावर जायचं हे शोधण्यातच अर्धा तास जातो.

यात कुणी जबरदस्ती केलेली नसते. टिक काढता येते, 'नको' म्हणता येतं. तरीही बहुतेक लोक समोर जे मांडून ठेवलंय तेच स्वीकारून पुढे जातात. माणसाची हीच सवय ओळखून, सक्ती न करता त्याच्या वागण्याला दिशा देण्याच्या तंत्राला 'नज' म्हणतात.

हे तंत्र आज सरकारं वापरतात, बँका वापरतात, सोशल मीडिया कंपन्याही वापरतात. त्यामुळे दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. हा धक्का गरीब आणि श्रीमंत दोघांनाही सारखाच बसतो का? आणि लोकांना कुठल्या दिशेनं ढकलायचं, हे कोण ठरवतं?

नज म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत 'नज' म्हणजे कोपरानं दिलेला हलका धक्का. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि कायद्याचे अभ्यासक कॅस सनस्टीन यांच्या 'नज' या पुस्तकामुळे २००८ मध्ये हा शब्द जगभर पोहोचला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. अर्थशास्त्राच्या जुन्या पुस्तकांतला माणूस प्रत्येक निर्णय हिशोब करून घेतो. खरा माणूस मात्र आळस करतो, आजचं उद्यावर ढकलतो, शेजारी काय करतोय ते बघतो आणि किचकट फॉर्म दिसला की बाजूला ठेवतो. मग पर्यायांची मांडणीच अशी करावी की त्याच्या भल्याचा पर्याय त्याला सहज निवडता येईल. बाकीचे पर्याय खुले ठेवायचे, कशावरही बंदी घालायची नाही आणि दंडही लावायचा नाही. या मांडणीला त्यांनी 'चॉइस आर्किटेक्चर' असं नाव दिलं.

याचं गाजलेलं उदाहरण ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावरचं आहे. तिथे पुरुषांच्या मुतारीत एका माशीचं चित्र कोरलं. लोक आपोआप नेम धरू लागले आणि बाहेर उडणारं पाणी कमी झालं. सूचनांचा एकही फलक लावावा लागला नाही.

ब्रिटनमध्ये डेव्हिड कॅमेरून यांच्या सरकारनं २०१० मध्ये यासाठी स्वतंत्र पथकच नेमलं. 'नज युनिट' म्हणून ते ओळखलं जाऊ लागलं. कर थकवणाऱ्यांना पाठवल्या जाणाऱ्या पत्रात 'बहुतेक लोक वेळेवर कर भरतात' एवढं वाक्य घातलं की वसुली वाढते, असे प्रयोग या पथकानं केले. थेलर यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि या विचाराला आणखी वजन आलं.

भारतातही २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालात एक संपूर्ण प्रकरण नजवर होतं. स्वच्छ भारत आणि 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' या योजनांचा त्यात दाखला होता, आणि नीती आयोगात वर्तन अर्थशास्त्राचं स्वतंत्र युनिट असावं, अशी सूचनाही होती.

सगळ्यात ताकदवान नज कोणती?

'डीफॉल्ट'. म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही तर जे आपोआप लागू होतं ते.

एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये युरोपातल्या अवयवदानाच्या नोंदींची तुलना केली. जर्मनीत दाता व्हायचं असेल तर नाव नोंदवावं लागायचं. तिथे संमतीचं प्रमाण १२ टक्के होतं. शेजारच्या ऑस्ट्रियात प्रत्येक जण दाता धरला जायचा आणि नको असेल तर नाव काढून घ्यावं लागायचं. तिथे हे प्रमाण ९९.९८ टक्के होतं. भाषा एक, संस्कृती जवळपास सारखी. फरक होता तो फॉर्मवरच्या डीफॉल्टचा. अर्थात, कागदावरची संमती वाढली म्हणून प्रत्यक्ष प्रत्यारोपणं त्याच प्रमाणात वाढतात असं नाही. त्यासाठी रुग्णालयांची व्यवस्था आणि नातेवाइकांचा होकारही लागतो.

नजचे इतर प्रकार इतके प्रभावी नसतात. स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दोन नज युनिटचे १२६ प्रयोग तपासले. त्यांत सुमारे २ कोटी ३० लाख लोक होते. शोधनिबंधांमध्ये छापून आलेल्या प्रयोगांत नजमुळे सरासरी ८.७ टक्के गुणांचा फरक दिसत होता. नज युनिटच्या प्रत्यक्ष कामात तो फक्त १.४ टक्के गुण होता. म्हणजे यशस्वी प्रयोगांना प्रसिद्धी मिळत होती आणि फसलेले मागे राहत होते.

मग विषमतेचा संबंध कुठे येतो?

आधी चांगली बाजू पाहू. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी २००१ मध्ये एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या निवृत्ती बचतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी कर्मचाऱ्यानं स्वतः अर्ज करायचा असा नियम होता. तेव्हा नव्या कर्मचाऱ्यांपैकी ४९ टक्के योजनेत होते. आपोआप नोंदणी सुरू झाल्यावर हे प्रमाण ८६ टक्क्यांवर गेलं. सर्वाधिक वाढ तरुण, कमी पगाराच्या आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक कर्मचाऱ्यांमध्ये झाली. म्हणजे जे सर्वांत मागे होते त्यांनाच जास्त फायदा झाला.

पण याच अभ्यासात दुसरी गोष्टही दिसली. कंपनीनं डीफॉल्ट म्हणून पगाराच्या ३ टक्के कपात ठेवली होती आणि पैसे सर्वांत सुरक्षित, पण कमी परतावा देणाऱ्या फंडात जात होते. बरेच जण तिथेच थांबले. ज्याला गुंतवणुकीतलं कळतं, किंवा ज्याच्या घरात कुणी विचारायला आहे, तो फॉर्म बदलतो. ज्याला कळत नाही, तो कुणीतरी ठरवलेल्या आकड्यावर वर्षानुवर्षं राहतो. डीफॉल्ट चांगला असेल तर त्याचं भलं होतं, वाईट असेल तर नुकसानही त्याचंच सर्वांत जास्त होतं.

ब्रिटननं २०१२ पासून आपोआप पेन्शन नोंदणी सुरू केली. खासगी क्षेत्रातल्या पात्र कर्मचाऱ्यांमध्ये पेन्शनचं प्रमाण दुपटीनं वाढलं. मात्र पात्र कोण? एका नोकरीत वर्षाला १० हजार पौंडांपेक्षा जास्त कमावणारा. दोन ठिकाणी प्रत्येकी ८ हजार पौंडांवर राबणारी सफाई कामगार महिला एकूण १६ हजार कमावते, तरी तिची आपोआप नोंदणी होत नाही. तिला हवी असेल तर स्वतः मागणी करावी लागते. जिला या धक्क्याची सर्वाधिक गरज आहे, तिच्यापर्यंत तो पोहोचतच नाही.

गरिबांना धक्का जास्त का लागतो?

डीफॉल्टमधून बाहेर पडायला तीन गोष्टी लागतात: वेळ, माहिती आणि डोक्यात थोडी मोकळी जागा. या तिन्ही गोष्टी पैशासारख्याच विषम वाटल्या गेल्या आहेत.

सेंधिल मुल्लैनाथन, एल्दार शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ५४ गावांमधल्या ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास केला. उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात. म्हणजे तोच शेतकरी तोडणीआधी तंगीत असतो आणि तोडणीनंतर थोडा निवांत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पैसे हातात आल्यावर त्याच शेतकऱ्यांनी आकलनाच्या चाचण्या जास्त चांगल्या सोडवल्याचं आढळलं. या निष्कर्षावर पुढे वादही झाले. इतर ठिकाणच्या काही अभ्यासांत असा परिणाम दिसला नाही. पण पैशाची चिंता लक्ष खाते, हे अनुभवानं कुणालाही पटेल. उसाचं बिल कधी जमा होणार याची वाट पाहणाऱ्या घरात बँकेच्या मेसेजमधली बारीक अक्षरं कोण वाचणार?

याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे पीक विमा. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा कर्जदार शेतकऱ्यांना ती सक्तीची होती. २०२० च्या खरिपापासून ती ऐच्छिक झाली. पण 'ऐच्छिक' म्हणजे कसं? पीक कर्ज घेतलेल्या शेतकऱ्याला विमा नको असेल, तर त्यानं अंतिम मुदतीच्या किमान ७ दिवस आधी बँकेला तसं लेखी कळवायचं. कळवलं नाही तर हप्ता आपोआप कापला जातो.

हा डीफॉल्ट वाईट आहे असं सरसकट म्हणता येणार नाही. गारपीट किंवा अतिवृष्टीत विमा असलेला शेतकरी नसलेल्यापेक्षा बऱ्या स्थितीत असू शकतो. २०२३ ते २०२५ या काळात महाराष्ट्रात १ रुपयात विमा होता, तेव्हा हा प्रश्न तितका टोचत नव्हता. पण शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपासाठी विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आणि नगदी पिकांसाठी ५ टक्क्यांपर्यंत गेल्यावर, ऐन पेरणीच्या धांदलीत तालुक्याच्या बँकेत जाऊन लेखी नकार देणं ही छोटी गोष्ट राहत नाही. सुशिक्षित बागायतदार ते करू शकतो. कोरडवाहू शेतकऱ्याला आधी ही तरतूद माहीत असायला हवी.

नजचा उलटा अवतार: 'स्लज'

लोकांच्या भल्याची गोष्ट सोपी करायची, हा नजचा मूळ हेतू. तेच तंत्र उलटं वापरून लोकांच्या हिताची गोष्ट अवघड करता येते. थेलर यांनीच २०१८ मध्ये याला 'स्लज' म्हणजे गाळ असं म्हटलं. वेबसाइटवरच्या फसव्या मांडणीला ब्रिटिश डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्येच 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं होतं.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर खटला भरला. प्राइमचं सदस्यत्व घेणं सोपं आणि सोडणं मुद्दाम किचकट ठेवलं, असा आरोप होता. सदस्यत्व रद्द करण्याच्या प्रक्रियेला कंपनीत 'इलियड' हे लांबलचक ग्रीक महाकाव्याचं नाव होतं, असं आयोगानं म्हटलं. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीनं आरोप मान्य न करता २५० कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले १५० कोटी ग्राहकांच्या परताव्यासाठी होते.

महिन्याला १९९ रुपये नकळत कापले जाणं एखाद्याला जाणवतही नाही. महिन्याला १२ हजार कमावणाऱ्याच्या घरात तो गॅसच्या सिलिंडरचा हिशोब बिघडवतो.

लाज वाटायला लावणं हीसुद्धा नजच का?

महाराष्ट्रात 'गुड मॉर्निंग पथकं' अनेकांनी पाहिली आहेत. हागणदारीमुक्तीच्या मोहिमेत ग्रामपंचायत आणि नगरपालिकेची माणसं पहाटे गावाबाहेर उभी राहायची. उघड्यावर जाणाऱ्याला कधी गुलाबाचं फूल दिलं जायचं, कधी शिट्टी वाजवली जायची, कधी फोटो काढला जायचा, तर काही ठिकाणी दंडही व्हायचा. 'चारचौघांत लाज वाटली की माणूस बदलतो' हे त्यामागचं वर्तनशास्त्र.

उघड्यावरची हागणदारी थांबणं आरोग्यासाठी गरजेचंच होतं. पण लाजेचा हा धक्का कुणाच्या वाट्याला आला? ज्याच्या घरात शौचालय बांधायला जागा नव्हती, पाण्याचा नळ नव्हता, किंवा अनुदानाचा हप्ता अडकला होता त्याच्या. गुलाबाच्या फुलापासून फोटो आणि दंडापर्यंत गोष्ट गेली की ती नज राहत नाही, तो धाक होतो. आणि हा धाक सहसा खालच्या बाजूलाच दाखवला जातो. नदीत सांडपाणी सोडणाऱ्या नगरपालिकेच्या दारात पहाटे कुणी शिट्टी वाजवत नाही.

लोकशाहीला यातून धोका आहे का?

२ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत संसदेच्या निवडणुका होत्या. त्या दिवशी फेसबुकनं सुमारे ६ कोटी १० लाख लोकांवर एक प्रयोग केला. बहुतेकांना 'आज मतदानाचा दिवस आहे' असा संदेश, 'मी मतदान केलं' हे बटण आणि ते बटण दाबलेल्या मित्रांचे फोटो दिसले. सुमारे ६ लाख लोकांना फोटोंशिवाय संदेश दिसला आणि तेवढ्याच लोकांना काहीच दिसलं नाही. नंतर संशोधकांनी मतदार नोंदींशी ताळा केला. २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलेल्या निष्कर्षानुसार, या संदेशामुळे थेट आणि मित्रांमार्फत मिळून सुमारे ३ लाख ४० हजार जादा मतं पडली.

मतदान वाढलं हे चांगलंच. पण हाच संदेश फक्त एका पक्षाकडे झुकलेल्या लोकांना दाखवला तर? हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक जोनाथन झिट्रेन यांनी २०१४ मध्ये नेमका हाच धोका मांडला आणि त्याला 'डिजिटल जेरीमँडरिंग' म्हटलं. त्यात कुणी खोटं बोलत नाही, कुणाला मतदानापासून रोखत नाही. फक्त काहींना आठवण करून दिली जाते आणि काहींना नाही. ज्याला संदेश दिसला नाही, त्याला आपल्याला काही दिसलं नाही हे कळतही नाही. त्यामुळे तक्रार करणार कोण? भारतात २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत फेसबुकनं असंच मतदाराचं बटण दिलं होतं.

आता याची तुलना ईव्हीएमवरच्या यादीशी करा. तीही निवडीची मांडणीच आहे. मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. 'नोटा' सर्वांत शेवटी. नावसाधर्म्यामुळे होणारा गोंधळ टाळण्यासाठी २०१५ पासून उमेदवारांचे फोटोही आले. या मांडणीचा परिणाम होत असेलही, पण तिचे नियम छापलेले आहेत, सर्वांना सारखे आहेत आणि त्यांना न्यायालयात आव्हान देता येतं. 'नोटा' हा पर्यायच मुळात २०१३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून आला. मोबाइलच्या स्क्रीनवरची मांडणी मात्र प्रत्येकाला वेगळी दिसते आणि तिचे नियम कंपनीकडेच असतात.

नज लोकशाही मजबूतही करू शकते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं २०१६ पासून वाहन परवान्याच्या कार्यालयात येणाऱ्या पात्र नागरिकांची मतदार यादीत आपोआप नोंदणी सुरू केली. नको असेल त्यानं नाव काढायचं. अर्ज भरायला वेळ नसलेल्या माणसाला इथे डीफॉल्टनं मदत केली. हा डीफॉल्ट विधिमंडळात कायदा करून, उघड चर्चेतून आला होता.

छोट्या नजमुळे मोठे प्रश्न मागे पडतात का?

हा आक्षेप कधीकाळी नजचे समर्थक असलेल्या अभ्यासकांनीच घेतला आहे. निक चेटर आणि जॉर्ज लोवेनस्टीन यांनी २०२२ मध्ये लिहिलं की वर्तनशास्त्रानं व्यक्तीला सुधारण्यावर इतका भर दिला की व्यवस्था बदलण्याचा विषय बाजूला पडला. लठ्ठपणा, प्रदूषण, म्हातारपणीची गरिबी हे सगळं जणू लोकांच्या चुकीच्या सवयींमुळेच घडतं, असं चित्र त्यातून तयार होतं आणि ते बड्या उद्योगांच्या सोयीचं असतं.

याला प्रयोगाचाही आधार आहे. लोवेनस्टीन आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात लोकांना हरित विजेच्या डीफॉल्टचा पर्याय सांगितल्यावर कार्बन कराला असलेला त्यांचा पाठिंबा कमी झाला. स्वस्त, सोपा उपाय समोर आला की खर्चिक पण परिणामकारक उपायाची मागणी थंडावते. लोकशाहीत मागणीच थंडावली तर निवडणुकीत त्यावर कुणी बोलतही नाही.

भारतात यावर काही नियम आहेत का?

आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिले आहेत. न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, 'फक्त २ शिल्लक' अशी खोटी घाई लावणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणारी वाक्यं टाकणं, सदस्यत्वाच्या सापळ्यात अडकवणं, शेवटच्या पानावर किंमत वाढवणं, हे त्यातले काही. जून २०२५ मध्ये प्राधिकरणानं ई-कॉमर्स कंपन्यांना ३ महिन्यांत स्वतःची तपासणी करण्याची सूचनाही केली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं, अशी तरतूद आहे. न विचारता लावलेले पैसे कुणी घेतले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

पण डार्क पॅटर्नचे नियम वस्तू आणि सेवा विकणाऱ्यांसाठी आहेत. कुठल्या मतदाराला कुठला संदेश दाखवायचा, किंवा सरकारी योजनेच्या फॉर्मवर डीफॉल्ट काय असावा, हे त्यांच्या कक्षेत येत नाही.

मग नज वाईट की चांगली?

मांडणी टाळता येत नाही. यादीत कुणाचं तरी नाव पहिलं येणारच आणि फॉर्म कोरा सोडला तर काहीतरी लागू होणारच. त्यामुळे प्रत्येक डीफॉल्टला काही प्रश्न विचारावे लागतात. हा कुणी ठरवला आणि त्यातून त्याचा फायदा काय? तो सर्वांना सारखाच दिसतो का? त्यातून बाहेर पडायला किती वेळ, किती पैसे आणि किती शिक्षण लागतं? आणि तो पटला नाही तर दाद कुठे मागायची?

ओरेगॉनची मतदार नोंदणी या प्रश्नांना बऱ्यापैकी उत्तरं देते. फेसबुकचं बटण देत नाही. पीक विम्याचा डीफॉल्ट मधे कुठेतरी अडकतो: नियम उघड आहे, हेतू समजण्यासारखा आहे, पण बाहेर पडण्याची वाट शेतकऱ्याच्या बांधापासून लांब आहे. हप्ता कापण्याआधी मराठीत एक फोन आणि 'नको असेल तर १ दाबा' एवढी सोय केली, तरी ती बरीच जवळ येईल.